गेटाकडचा गोल

बसल्या जागी माझा उजवा पाय हलतो, यात माझा काही दोष आहे असं मला अजूनही वाटत नाही. मी जेवायला बसलो की टेबल हलतं, टेबल हललं की पेल्यातलं पाणी हलतं, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुलगी अभ्यासाला बसत असल्यामुळे तिचं अक्षर हलतं. शाळेतल्या बाईंनी तिच्या वहीवर ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारला, तेव्हा तिनं ती वही स्वतःच्या आईपुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवली. बायकोची पद्धत वेगळी आहे. ती बोलत नाही. हातातलं काम न थांबवता, माझ्याकडे न बघता, मोकळा हात माझ्या गुडघ्यावर ठेवते. पाय थांबतो. हात उचलला की पुन्हा सुरू होतो. लग्न झाल्यापासून हे असंच चालू आहे आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वावगं वाटलं ते ऑफिसात. मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे, कापडवाल्यांचे मीटर, दूधवाल्यांची मापं तपासायची. बरोबर असली तर शिक्का मारायचा, कमी भरली तर जप्त करायची, असं आमचं काम. त्यासाठी आमच्या परीक्षण खोलीत काचेच्या पेटीत एक फार नाजूक काटा आहे. त्यावर डोक्याचा केस ठेवला तरी सुई हलते. मी त्या खोलीत बसायला लागल्यापासून ती केस न ठेवताही हलायला लागली. साहेबांनी आधी खिडक्या बंद करून घेतल्या. मग फरशी तपासली. मग इमारतीखालून काही जाते का अशी विचारणा करणारं पत्र बांधकाम खात्याला लिहिलं. बांधकाम खात्याचं उत्तर यायच्या आत शिपायानं माझ्या पायाकडे बोट दाखवलं आणि प्रकरण मिटलं, म्हणजे बांधकाम खात्यापुरतं मिटलं. मला साहेबांनी डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पायानं जी उसळी घेतली ती बघून ते खुर्चीसकट मागे सरकले. म्हणाले, “तुम्हाला काही झालेलं नाही. पायाला काम नाहीये. काम द्या.”

आता काम द्या म्हणजे चालायला जा, असं कुणीही समजलं असतं. मीही तसंच समजलो होतो. पण दवाखान्यातून घरी येताना वाटेत फुटबॉल क्लबचं मैदान लागतं, आणि त्या दिवशी नेमका त्याच्या गेटावर फळा टांगलेला होता: दुसऱ्या गटाच्या अर्धव्यावसायिक संघासाठी खेळाडूंची निवड चाचणी, वयाची अट नाही. हे शेवटचे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. माझी चाळिशी उलटून गेलेली. वयाची अट नसलेली गोष्ट आयुष्यात किती दिवसांनी समोर आली होती. पाय उभ्या उभ्या शिवशिवायला लागला.

चाचणीबद्दल मी फार बोलणार नाही. कॉलेजात असताना मी उजव्या बगलेवर खेळायचो, एवढ्या भांडवलावर गेलो होतो. पहिल्याच धावण्यात माझा श्वास माझ्या आधी परत आला आणि मी त्याच्या मागून. पण गंमत अशी की, संघाचे मास्तर, म्हणजे प्रशिक्षक, क्लबचे चिटणीस आणि मैदानाची किल्ली हे तिन्ही ज्यांच्याकडे असतं ते एकच गृहस्थ, माझ्या पायाकडे बघतच नव्हते. त्यांनी विचारलं, “राहता कुठं?” मी म्हटलं, हे काय, कोपऱ्यावरच्या इमारतीत. “घर स्वतःचं? विजेचं बिल तुमच्या नावावर येतं?” मी हो म्हटलं. मास्तरांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी निवडीची बातमी आली.

मी हवेत होतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, पण नक्की तुम्हालाच का घेतलं?” मी म्हटलं, अगं, जाणकार माणूस पायाकडे नाही, माणसाकडे बघतो. ती म्हणाली, “माणसाकडे बघून विजेचं बिल मागितलं?” बायकोच्या अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, हे मला अनुभवानं माहीत आहे.

पुढचा अडथळा साहेबांचा होता. सरकारी माणसाला दुसरा व्यवसाय करता येत नाही, आणि मी ज्या संघात गेलो होतो तो अर्धव्यावसायिक होता. साहेबांनी माझा अर्ज तिरका धरून वाचला. “अर्धव्यावसायिक म्हणजे तुम्ही नेमके कोणत्या अर्ध्यात?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळच्या आणि रविवारच्या. तेवढ्यानं भागलं नाही. अर्ज वर गेला, वरून शेरा आला की अर्ध्या व्यवसायाबद्दल नियमांत तरतूद आढळत नाही, तरी पूर्ण व्यवसायाचे नियम अर्धे लावावेत की पूर्ण, याचा खुलासा व्हावा. शेवटी मी मानधन घेणार नाही असं लिहून दिलं आणि परवानगी मिळाली. म्हणजे अर्धव्यावसायिक संघातला मी एकटाच असा खेळाडू होतो, जो कोणत्याच अर्ध्यानं व्यावसायिक नव्हता. साहेबांनी परवानगीच्या पत्रावर सही करताना ‘कार्यालयीन वेळेत पाय हलवू नये’ अशी अट मात्र घालून घेतली.

ही बातमी इमारतीत पसरायला लिफ्ट बंद असूनही वेळ लागला नाही. आमच्या वर एक निवृत्त काका राहतात. मी पार्किंगच्या भिंतीवर बॉल मारायला लागल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी बाल्कनीतून भांडण काढलं, दुसऱ्या दिवशी आवाज कमी करायला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी डावा पाय पुढे घ्यायला सांगितलं. काका आयुष्यात बॉलला पाय लावलेला माणूस नाही, पण टीव्हीवरचा एकही मोठा सामना त्यांनी सोडलेला नाही, आणि त्यांच्या मते खेळणाऱ्याला काही दिसतच नाही, जे दिसतं ते बघणाऱ्याला. त्यांनी मला रात्री पाय उशीवर ठेवून झोपायला सांगितलं. रक्त गुडघ्यांकडून छातीकडे येतं म्हणे. मी तसा झोपलो तर पाय उंचावर गेल्यामुळे आणखी मोकळा हलायला लागला आणि बायको मुलीच्या खोलीत झोपायला गेली. औषधाच्या दुकानदारानं मला घोट्याचा पट्टा दिला, मग घोटा वाचला की गुडघा जातो म्हणून गुडघ्याचा दिला, मग कमरेचा दिला. सगळं बांधून मी मैदानावर गेलो तेव्हा मला इजा होणं अशक्य होतं, कारण मला वाकणंच अशक्य होतं. मास्तरांनी दोन पोरांना सांगून मला सोडवलं.

संघातली पोरं माझ्या निम्म्या वयाची, पण वाईट नव्हती. मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायची. पहिल्याच आठवड्यात मी सरावाचा बॉल ऑफिसच्या काट्यावर नेऊन तोलला आणि तो नियमापेक्षा हलका असल्याचं मास्तरांना कळवलं, तेव्हापासून हे नाव पडलं. मास्तर म्हणाले, “हलका आहे तर मग तुमच्यानं लांब का जात नाही?” या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. आमचा गोलकीपर कुलूप म्हणून ओळखला जायचा. दिवसा कुरिअरची पाकिटं वाटायचा. त्या हंगामात त्यानं इतके गोल अडवले होते की त्याच्याबद्दल वर्तमानपत्रात चौकट आली होती, आणि ती चौकट त्यानं मोबाइलच्या पाठीवर चिकटवली होती.

माझी निवड का झाली हे मला त्या कुलपानंच सांगितलं, तेही सहज, मोजे चढवताना. लीगचा नियम असा होता की प्रत्येक संघात मैदानाच्या वस्तीत राहणारा निदान एक खेळाडू पाहिजे, आणि हंगामात एकदा तरी त्याला आपल्या मैदानावर उतरवलं पाहिजे. आमच्या संघातली सगळी पोरं बाहेरून यायची. वस्तीतून चाचणीला आलेला मी एकटा. मी घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर बसलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे निवड झाली ती आपल्या फ्लॅटची.” मग माझं तोंड बघून तिनं गुडघ्यावर हात ठेवला. मला खरंच फार लागलं होतं. मुलगी आत अभ्यास करत होती, तिनं नुसतं विचारलं की, बाबा, मग तू खेळणार आहेस की नाही?

हाच खरा प्रश्न होता. मुलीनं शाळेत अजून कुणाला सांगितलं नव्हतं. माझे बाबा फुटबॉल खेळतात म्हणावं आणि कुणी विचारावं की कधी, तर काय सांगायचं, असं तिचं म्हणणं. “तू खरा उतरलास की मी बघायला येईन,” ती म्हणाली. “मैत्रिणींना घेऊन येईन.” आता यावर दुसरं काय उरतं? फ्लॅटच्या जोरावर का होईना, एकदा, तिच्यासमोर, शिट्टी वाजल्यावर मैदानात उतरायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं. सकाळी उजाडायच्या आत पळायचो, ऑफिसात जिना चढून जायचो, दुकानात काटा तपासताना एका पायावर उभा राहायचो. किराणावाल्याला वाटायचं ही तपासणीची नवी पद्धत आहे. तोही बिचारा एका पायावर उभा राहायचा.

मास्तर मात्र मला उतरवायचं नाव घेईनात. प्रत्येक सामन्यात मी राखीव. आणि राखीव खेळाडूंना बसायला एकच लांब बाक असतो. मी बसलो की तो बाक हलायचा, बाक हलला की पाण्याच्या बाटल्या पडायच्या, आणि शेवटी एका पोराला बसल्या बसल्या मळमळायला लागलं. मास्तरांनी मला उठवलं आणि सांगितलं की, तुम्ही असं करा, गोलच्या मागं चकरा मारा, बॉल बाहेर आला की द्या. मी सरकारी निरीक्षक, आणि हंगामभर गोलच्या मागे येरझाऱ्या घालतोय. वरचे काका दर सामन्याला कठड्यापाशी उभे राहून मला चालताना टाच आधी टेकवायला सांगायचे.

पण त्या येरझाऱ्यांमुळेच सगळं घडलं. आमच्या मैदानाला दोन गोल, एक गेटाकडचा आणि एक नाल्याकडचा. गेटाकडचा गोल आपल्याला लाभतो, अशी क्लबची जुनी श्रद्धा. टॉस जिंकला की आमचा कप्तान डोळे झाकून सांगायचा, दुसऱ्या डावात आम्ही गेटाकडचा गोल राखणार. कुलूप तिथं उभं राहण्याआधी दोन्ही खांबांना हात लावून छातीला लावायचं. आणि लाभायचाही. समोरच्यांचे फटके खांबाला लागून परत यायचे, बाजूनं जायचे. मी मागून बघायचो. बघता बघता मला काहीतरी टोचायला लागलं. आमच्या धंद्यात काटा हातात घेण्याआधी डोळ्याला कळतं. कुठं काय कमी आहे ते सांगता येत नाही, पण कमी आहे हे कळतं. तो गोल मला सडपातळ वाटायला लागला. नाल्याकडे गेलो की तिकडचा अंगानं भरलेला वाटायचा. झोपेतसुद्धा मी एकदा इकडून, एकदा तिकडून त्याच्याकडे बघायचो.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर होता. जिंकलो तर दुसऱ्या गटात टिकणार, नाहीतर तिसऱ्यात. आणि मला उतरवण्याची शेवटची संधी तीच, त्यामुळे मास्तरांना आता पळवाट नव्हती. “शेवटी पाच-दहा मिनिटं,” ते म्हणाले, “आणि बॉलपासून लांब राहा.” मी घरी जाऊन मुलीला सांगितलं. तिनं तिथल्या तिथं मैत्रिणींना फोन लावले.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती माझ्याबरोबर सरावाला आली होती. मैदानावर अजून कुणी नव्हतं. माझ्या खिशात पोलादी टेप असते. ती नसली तर मला कपडे न घातल्यासारखं वाटतं. मी तिला म्हटलं, जरा हे टोक धर. ती एका खांबाशी, मी दुसऱ्या खांबाशी. मग तसंच नाल्याकडच्या गोलला. नाल्याकडचा बरोब्बर भरला. गेटाकडचा वीतभर कमी होता.

मी पुन्हा मापलं. वीतभर म्हणजे वीतभर. वरच्या आडव्या पाइपवर रंगाखाली जोड दिसत होता. मग आठवलं. हंगामाच्या सुरुवातीला पाण्याचा टँकर गेटातून मागे येताना गोलला धडकला होता, मी तो वाकलेला पाहिलाही होता, आणि मास्तरांनी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून दुरुस्त करून घेतला होता. त्या माणसानं सरळ केलं असेल असं सगळे समजले. त्यानं वाकलेला तुकडा कापून काढला आणि उरलेलं जोडून दिलं. खांब त्याप्रमाणे जवळ रोवले. आणि गोल लहान झाल्यावर आमची श्रद्धा मात्र दुपटीनं वाढली. त्या हंगामात आम्ही जे काही जिंकलो होतो ते कुलपाच्या हातांनी किती आणि त्या कापलेल्या तुकड्यानं किती, हे आता देवालाच माहीत.

“आता सांगणार ना मास्तरांना?” मुलगी टेपचं टोक धरून उभीच होती.

लीगच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं, मैदान नापास झालं तर सामना समोरच्या संघाला बहाल. म्हणजे सामनाच नाही. म्हणजे मी नाही. संघ तिसऱ्या गटात, पोरं घरी, आणि मी पुन्हा टेबलाशी बसून पाय हलवणार. मी टेप गुंडाळली. म्हटलं, सांगतो ना, सामना झाला की लगेच सांगतो.

ती म्हणाली, “दुकानदारालाही तू असंच म्हणतोस का? गिऱ्हाईक गेलं की मग काटा तपासू?”

मी तिच्यावर चिडलो. मोठ्यांच्या कामात तोंड घालू नये, लीगचे नियम वेगळे असतात, माझ्या अधिकारक्षेत्रात गोल येत नाही, असलं बरंच बोललो. गोल येत नाही हे खरंच आहे, मी नंतर नियमावली उघडून पाहिलं. जेवताना टेबल इतकं हललं की बायकोनं गुडघ्यावर हात ठेवून उपयोग झाला नाही, तिनं दुसराही हात ठेवला. “काय झालंय?” तिनं विचारलं. मी म्हटलं, सामन्याचं टेन्शन. मुलीनं ताटातून मान वर केली नाही.

सामन्याच्या दिवशी अर्धी इमारत आली होती. साहेबसुद्धा आले होते; मी खरोखर मानधन घेत नाही ना हे बघायला आलो असं म्हणाले, पण त्यांच्या हातात क्लबचा झेंडा होता. मुलगी मैत्रिणींबरोबर कठड्याशी उभी होती. मी सगळी तयारी केली, पण चड्डीला खिसा नाही. टेप कुठं ठेवायची? ठेवून जाणं जमेना. शेवटी उजव्या मोज्यात, नडगीच्या पॅडच्या आत सारली. रेफरीनं सामन्याआधी सगळ्यांची पॅडं ठोकून बघितली, माझं ठोकलं तर खणकन् आवाज झाला. “मजबूत आहे,” ते म्हणाले आणि पुढे गेले.

आणि टॉस आम्ही हरलो. समोरच्यांच्या कप्तानानं, त्याला कुठं काय माहीत होतं, सहज बाजू निवडली आणि दुसऱ्या डावात गेटाकडचा गोल त्यांच्याकडे गेला. आमच्या पोरांचे चेहरे उतरले. मास्तर कपाळावर हात मारून घेत होते. मी गोलमागे न जाता एका जागी उभा होतो आणि दोन्ही पाय हलत होते.

सामना संपत आला तरी बरोबरीच चालली होती. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग आकाशाकडे बघितलं आणि मला आत सोडलं. शिट्टी वाजली. मी रेषा ओलांडली. त्या क्षणाचं मी एवढंच सांगीन की पाय हलायचा थांबला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तो कुणी हात न ठेवता थांबला होता. मग मी पळत सुटलो. बॉलपासून लांब राहायचं हे माझ्या लक्षात होतं, पण बॉलच्या लक्षात नसावं. त्यांच्या बचाववाल्यानं तो उडवला, तो कुणाच्या तरी डोक्याला लागला आणि माझ्यासमोर येऊन पडला. गोलकीपर दुसऱ्या बाजूला झुकलेला. काका ओरडत होते, डावा पाय पुढे. मी डावा पुढे टेकवला आणि उजव्यानं, घरातली सगळी टेबलं हलवलेल्या त्या उजव्यानं, मारला.

फटका चांगला होता. हे मी म्हणत नाही, मास्तरही नंतर शिव्या देताना म्हणाले. बॉल खांबाला लागला आणि मैदानात परत न येता बाजूनं बाहेर गेला.

सगळं मैदान हळहळलं. मी कठड्याकडे बघितलं. मैत्रिणी डोक्याला हात लावून उभ्या होत्या. मुलीनं डोक्याला हात लावला नव्हता. तिनं दोन्ही तळवे छातीसमोर धरले होते, वीतभर अंतर ठेवून, आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी वाकलो आणि मोज्यातून टेप काढली. त्यांच्या गोलकीपरला म्हटलं, “जरा हे टोक धरा. खांबाला टेकवून धरा.” हा माझा ऑफिसातला आवाज आहे. मी तो मुद्दाम लावत नाही, टेप हातात आली की लागतो, आणि त्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. त्या गोलकीपरनंही मुकाट टोक धरलं. रेफरी शिट्टी फुंकत पळत आले, खिशातून पिवळं कार्ड काढत होते. मी म्हटलं, आकडा वाचा आणि मग काढा. त्यांनी वाकून आकडा वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. मग कार्ड खिशात ठेवलं.

कुलूप पलीकडच्या टोकापासून चालत आलं. त्याला कुणी काही सांगायच्या आत कळलं होतं. तो खांबांच्या मधे उभा राहिला, हात पसरले, मग खाली घेतले. “इन्स्पेक्टर,” तो म्हणाला, “नेमका तुमचा बॉल लागल्यावरच आठवलं?”

सबबी भरपूर होत्या. आत्ताच शंका आली म्हणता आलं असतं, आणि सगळ्यांनी मानलंही असतं. कठड्याशी मुलगी उभी होती.

“आठवलं नाही,” मी म्हटलं. “आधीपासून माहीत होतं. मला खेळायचं होतं म्हणून गप्प बसलो.”

व्हायचं ते झालं. सामना समोरच्यांना बहाल, आम्ही तिसऱ्या गटात. आमच्या पोरांनी माझ्याकडे पाठ फिरवली, समोरच्यांनीही काही हार घातले नाहीत. त्यांच्या मते मी स्वतःच्या गोलसाठी रडलो. मास्तर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. काकांचं म्हणणं पडलं की डावा पाय आणखी पुढे हवा होता. साहेबांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडून खुलासा मागितला की, अधिकारक्षेत्राबाहेरचं माप घेताना खात्याची टेप का वापरली. आणि लीगच्या दप्तरी तो सामना खेळलाच गेला नाही असं धरलं गेल्यामुळे त्यात उतरलेले खेळाडूही उतरले नाहीत असं ठरलं. म्हणजे एवढं सगळं करून मी अर्धव्यावसायिक फुटबॉल आयुष्यात कधी खेळलेलो नाही.

त्या संध्याकाळी मी मान खाली घालून जेवत होतो. बायकोनं सवयीनं हात पुढे केला आणि गुडघ्यावर ठेवला. मग तिनं टेबलाखाली वाकून बघितलं. पाय हलत नव्हता. तिनं हात काढला नाही. मुलगी समोर वही उघडून बसली होती. म्हणाली, “बाबा, मी शाळेत सांगितलं तर चालेल?” मी विचारलं, काय सांगणार? “ते माझं मी बघीन,” ती म्हणाली.

पुढे बरेच दिवस क्लबच्या बाजूला मी फिरकलो नाही. पाय अर्थातच पुन्हा सुरू झाला. मग एक दिवस मास्तरांचा निरोप आला की गेटाकडचा गोल नवीन बसवलाय, लीगला दाखवायच्या आधी येऊन मापून जा. एवढंच. मी टेप घेतली. मुलगी म्हणाली, दुसरं टोक कोण धरणार, आणि चपला घालून निघाली.

गोल बरोब्बर भरला. मी तो दोनदा मापला, आणि कुलूप हाताची घडी घालून बाजूला उभं होतं. त्याच्या मोबाइलच्या पाठीवरची चौकट काढून टाकलेली मला दिसली. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात त्यानंच पायाजवळचा बॉल माझ्याकडे ढकलला. “मारा,” तो म्हणाला. “त्याच जागेवरून. मी मधे येत नाही. बघू तरी त्या दिवशी गेला असता का.”

मी जागा शोधली. बॉल ठेवला. डावा पाय पुढे टेकवला, अगदी काकांनी सांगितला तेवढा. गोल नवा, मापात, रिकामा. मी मारला.

बॉल खांबाला लागला आणि बाजूनं बाहेर गेला.

मग कुलूप हसायला लागलं. आधी हळू हसत होतं, मग खांबाला धरून हसायला लागलं, मग त्याला खाली बसावं लागलं. मी मुलीकडे वळलो. तिनं दोन्ही तळवे वर धरले आणि एकमेकांना घट्ट चिकटवून दाखवले. आता मधे काहीच अंतर नव्हतं.

मग ती पळत जाऊन बॉल घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “टेप माझ्याकडे दे. आता मार.”